याडीला कळतं का

मु. खैरगाव, ता. राळेगाव
१९ जानेवारी २००६

ममताताईस,

उर्वशीचा सप्रेम जयभीम. तुमच्या भावानं फोनवर तुमाले काय सांगतलं ते मले माहीत नाही. दोन शब्दांत मोकळा होणारा माणूस. म्हणून मी नीट लिहून राह्यली.

तुमच्या आईले परवा आम्ही आमच्या घरी आणलं. नांदेडच्या दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले, मेंदूची नस बंद झाली, जे व्हायचं ते झालं, आता घरी सेवा करा. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड डावीकडे वाकलं, वाचा गेली. नाकात नळी हाय. त्या नळीतूनच दूध अन् गाळलेली पेज घालायची. तिकडं तांड्यावर एकटीच राहत होती, आता तिले तिथं कोण पाहीन? तुमच्या लालसिंगकाकांनी दवाखान्यात नेऊन टाकलं तेच लय झालं. उमरखेडच्या पल्याडून इथवर गाडीत सारा रस्ताभर ती गुंगीतच होती.

ताई, तुमाले तर सारं माहीत हाय. आमचं लग्न झालं तवापासून तुमची आई या घराची पायरी चढली नाही. बौद्धाच्या पोरीच्या हातचं पाणी पेणार नाही म्हणाली होती. अन् आता माह्याच हातानं नळीतून पेते. मले हसू येते अन् मग हसल्याची लाज वाटते.

आमच्या दोनच खोल्या. मागच्या खोलीत कापूस आढ्याले टेकला. यंदा भाव पाडला म्हणून यायनं विकला नाही, होळीपर्यंत वाढन म्हणते. त्या ढिगाले लागूनच आईची बाज टाकली, दुसरी जागाच नाही. हे कोळशाच्या ट्रकवर वणीले निघून गेले. खाडा केला तर मालक दुसरा ड्रायव्हर बसवते. घरी मी एकटीच हाव.

फोन कर म्हणू नका. राळेगावच्या एस.टी.डी.त मागं माणसं उभी राहते, मीटर पळते अन् तुमचा आवाज ऐकला की माह्या गळ्यातून शब्द निघत नाही. तुम्ही सिस्टर हा. काय करायचं ते मोठ्या अक्षरात लिहा, भिंतीले चिकटवीन. मले फार भेव लागते ताई. माह्या हातून काही झालं तर लोक म्हणतीन, सुनेनं सूड घेतला.

तुमची,
उर्वशी


नाशिक
२६ जानेवारी २००६

उर्वशी,

तुझं पत्र मी पलंगावर पडून वाचलं आणि पडूनच उत्तर लिहिते आहे. माझं पोट याआधी दोनदा रिकामं झालं. या वेळी डॉक्टरबाईंनी सातव्या महिन्यातच सांगून टाकलं, पलंगावरून पाय खाली ठेवायचा नाही. इतकी वर्षं मी लोकांच्या कुशी बदलत आले. याडी पडली (आईला आमच्यात याडी म्हणतात, ऐकलं असशीलच) तेव्हा मीच आडवी आहे. नशिबाला काय म्हणावं!

आता ऐक. दर दोन तासांनी तिची कूस बदलायची. एका कुशीवर जास्त वेळ राहिली की कातडी आधी लाल होते, मग काळी पडते, मग आत खड्डा पडतो. तो भरून यायला महिने लागतात. माकडहाड, टाचा, कमरेचं हाड रोज बघ. चादरीला सुरकुती ठेवू नको. लुळा हात कधी ओढून उचलू नको, खांदा निखळतो. उशीवर ठेव. नळीतून घालताना पाठीशी काहीतरी देऊन तिला बसतं कर आणि नंतर अर्धा तास तसंच राहू दे. तोंडातून काही म्हणजे काही द्यायचं नाही, कुणी कितीही मायेनं चमचा पुढे केला तरी. पाणी श्वासाच्या नळीत गेलं तर छाती भरते आणि माणूस त्यानंच जातं. तोंड मात्र आतून रोज पुसायचं.

आणि आता महत्त्वाचं. मला तिला बघता येत नाही, तेव्हा तू बघून लिहायचं. हाक मारली की डोळे उघडते का? नुसती बघते, की माणसावर नजर ठरवते? मग तिला सांग, डोळे मिट. जीभ दाखव. डावा हात उचल. सांगताना हातानं खूण करायची नाही, स्वतः करून दाखवायचं नाही. नुसतं तोंडानं सांगायचं. नाहीतर ती आपल्याकडे बघून नक्कल करते की समजून करते, हे कळत नाही. वॉर्डात आम्ही असंच तपासतो.

सारं यावर आहे, उर्वशी. हातपाय गेलेली माणसं मी उभी राहिलेली पाहिली आहेत. समज उरली असेल तर माणूस उरलं. बाजारात भाव करताना चार व्यापाऱ्यांना गप्प करणारी बाई ती. ती आत असेल तर बाहेर येईल.

सूड वगैरे मनात आणू नको.

ममता


खैरगाव
५ फेब्रुवारी २००६

ममताताई,

तुमची चिठ्ठी बाजेवरच्या भिंतीले लावली. शेजारची इंदूबाई म्हणते, हे काय गं, देवाची तसबीर लावावी तशी लावली.

कूस बदलतो. दोन तास म्हणजे कसे पाहाता पाहाता जाते! पीठ मळायले घेतलं की झाले. तोंड पुसतो. पहिल्या दिवशी तिनं माहं बोट चावलं. चावलं तवा मले बरं वाटलं, म्हटलं राग तरी हाय आत.

आता तपासणीचं. हाक मारली की डोळे उघडते. नजर ठरवते, माह्या मागं मागं फिरवते. पण मी म्हटलं, "आई, डोळे मिटा," तर नुसती पाहाते. "आई, जीभ दाखवा." पाहाते. "आई, डावा हात वर करा." काही नाही. तुम्ही सांगतलं तसं खूण केली नाही, हात पाठीमागं धरून उभी राह्यली. मोठ्यानं सांगतलं, हळू सांगतलं, कानाजवळ सांगतलं. कोणत्या परक्या गावच्या बाजारात बसवून दिल्यासारखी पाहाते. कधी तोंडातून आवाज येते, पण त्याचा शब्द होत नाही.

डावा हात मात्र चालते, अन् तेच संकट. दिवसभर मान खाजवते, पोट खाजवते, अन् खाजवता खाजवता नळी ओढते. दोनदा काढून फेकली. आमच्या वस्तीत वामनराव कंपाउंडर हाय, त्यानं परत घातली. घालताना ती अशी तडफडली की मी बाहेर पळाली. तिसऱ्यांदा तो येतो की नाही त्याचा नेम नाही.

एक चूक झाली, सांगून टाकतो. मी विहिरीवर गेलती तवा इंदूबाईनं चमचाभर चहा पाजला. बिचारीनं मायेनंच केलं. आई निळी पडली. बाप्पा बाप्पा, मी पाठीवर थापटून थापटून अर्धी झाली. आता दाराले कडी लावून जातो.

त्या हाताचं काय करू ते लवकर कळवा.

उर्वशी


नाशिक
१२ फेब्रुवारी २००६

उर्वशी,

चहाचं वाचलं. पुन्हा कुणालाही चमचा घेऊन जवळ येऊ देऊ नको.

हाताचं सांगते. जुन्या लुगड्याची मऊ पट्टी घे. मनगटाला सैल बांध, आत दोन बोटं जायला हवीत, आणि दुसरं टोक बाजेला. पण फक्त नळीतून घालताना आणि नंतरचा अर्धा तास. मग सोडायचा. बांधून ठेवायचा नाही, हे भिंतीवर लिहून ठेव.

तू लिहिलंस ते मी चारचारदा वाचते. नजर फिरवते पण सांगितलेलं करत नाही. डाव्या मेंदूला मार बसला की बोलणं जातं, ते एक. पण समजणंच गेलं असेल तर ते वेगळं. तू पुन्हा तपास. सकाळी ती ताजी असते तेव्हा. दुसऱ्या माणसाला सांगायला लाव, कधी आवाज अनोळखी वाटतो. दोन आठवडे तपास आणि खरं ते लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नको.

इथे माझी सासू माझी कूस बदलून देते. मी भिंतीकडे तोंड करते आणि याडीचा विचार करते. काल बाळ फार हललं. मी त्याला म्हटलं, थांब रे बाबा, तुझ्या आजीला आधी उठू दे.

ममता


खैरगाव
२७ फेब्रुवारी २००६

ममताताई,

उशीर झाला. रागवा, मी रागाले पात्र हाव.

आईच्या कमरंखाली जखम झाली. आधी लाल होतं ते मी पाह्यलं, दुसऱ्या दिवशी पाह्यलं तं कातडी गेली. तुमच्या चिठ्ठीत होतं सारं, भिंतीवर होतं, अन् तरी झाली. मी फरदडीचा, मागून फुटलेला कापूस वेचायले जातो. नाही गेलो तर चूल कायनं पेटवू? जाताना तिले कुशीवर करतो अन् धावत येतो. पण वेचणीतून दर दोन तासांनी कोण सोडते? मुकादमीण म्हणते, सासू हाय की तान्हं लेकरू? म्हटलं, दोन्ही.

तपासणी केली. मी केली, इंदूबाईनं केली, वामनरावनं केली. त्यानं तर बॅटरी डोळ्यात मारून सांगतलं, बाई डोळे मिटा. तिनं मिटले, पण ते उजेडानं मिटले. बाकी काही नाही. आता तर ती माह्याकडं पाहातही नाही, कापसाकडं पाहात राहाते.

हे आले होते एक दिवस. दारातच उभे राह्यले. मी म्हटलं, जवळ तर जा. गेले नाही. मले म्हणाले, "हे काय हाय उर्वशी? हे जगणं हाय काय?" अन् बाहेर जाऊन ट्रकच्या चाकाले टेकून रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "ममताले विचार. ती सिस्टर हाय, त्यातलं तिले समजते. तिच्या आईले काहीच कळत नसन तर आपण नळी ठेवून तिचे हाल कायले करून राह्यलो? ती म्हणन काढा, तर काढू. लालसिंगकाकाले बोलावू अन् काढू."

असं माह्या गळ्यात टाकून निघून गेले. म्हणून मी तुमच्या गळ्यात टाकतो. एकच सांगा ताई, आईले कळते का? कळत असन तर मी जखम धुवीन, वेचणी सोडीन, काही करीन. नसन कळत तर मले मोकळं करा. काल पेज घालताना माह्या मनात आलं, आज ही गेली तर बरं. आलं मनात. खोटं नाही सांगत. मी थकली ताई.

उर्वशी


नाशिक
६ मार्च २००६

प्रिय उर्वशी,

हे पत्र मी सिस्टर म्हणून लिहिते आहे. मुलगी म्हणून लिहायला बसले ते तीन कागद फाडले.

झटका येऊन आता दोन महिने होत आले. तिघांनी वेगवेगळं तपासलं. हाक मारल्यावर डोळे उघडते, पण एकही साधं सांगणं कळत नाही. त्यात जखम झाली. अशा रुग्णाबद्दल आम्ही घरच्यांना काय सांगतो ते मला पाठ आहे, शंभर जणांना सांगितलं असेल. समज गेली आहे. ती परत येण्याची आशा धरू नये. जे बाजेवर आहे ते शरीर आहे.

नळी काढा. पुन्हा घालू नका. तोंडातूनही काही देऊ नका, ठसका लागून तडफडेल. तोंड कोरडं पडेल, ओल्या कापसाच्या बोळ्यानं ओठ ओले करत राहा. कापूस तुमच्याकडे आहेच. काही दिवस जातील. तिला भूक कळणार नाही, असं आम्ही सांगतो, आणि मीही तेच धरून बसले आहे.

हे पत्र माझ्या भावानं, राजकुमारनं, लालसिंगकाकांना वाचून दाखवावं. म्हणजे उद्या तुझ्याकडे कुणी बोट दाखवणार नाही. हा निर्णय माझा आहे, तुझा नाही. तुझ्या मनात जे आलं ते माझ्या वॉर्डात सेवा करणाऱ्या प्रत्येक पोरीच्या मनात येतं. तू माझ्या आईचं केलंस तेवढं मी केलं नाही.

तिला माझा नमस्कार सांग. कळणार नाही, तरी सांग.

ममता


खैरगाव
१५ मार्च २००६

ममताताई,

नळी काढली नाही. तुम्ही आधी हे वाचा, मग पुढचं वाचा. नळी काढली नाही.

रविवारी लालसिंगकाका आले. हेही वणीहून आले. काकांनी आमच्या वस्तीत पह्यल्यांदाच पाय ठेवला. मी पाणी दिलं, ते तसंच ठेवलं. आईच्या खोलीतच बसले दोघं, तिच्या पुढ्यात. यायनं तुमची चिठ्ठी वाचली. मराठीत. काका कानानं कमी, अन् तुमची ती दवाखान्याची मराठी, त्यायले काही समजलं नाही. विचारलं असन, पोरीनं काय लिवलं म्हणून. मग हे तुमच्या बंजाऱ्यांच्या गोर बोलीत सांगू लागले, मोठमोठ्यानं, कारण काकाले ऐकू येत नाही. या घरात ती बोली कधी कोणी बोलत नाही ताई. मले येत नाही म्हणून लग्नापासून हे मराठीच बोलते. मले त्यातलं "ममता" अन् "नळी" एवढंच ओळखू आलं.

तवाच बाज हालली.

आई यायच्याकडं पाहात होती. असे डोळे मी तिचे दोन महिन्यांत पाह्यले नाही. डोळ्यांतून पाणी, अन् तोंडातून आवाज, दाव्यात पाय अडकलेलं वासरू करते तसा. काका उठले, तिच्या तोंडाजवळ जाऊन काही बोलले. तिनं डोळे मिटले. पुन्हा बोलले, उघडले. पुन्हा काही बोलले, तिनं जीभ बाहेर काढली, कोरडी, वाकडी. मग काय म्हणाले कोण जाणे, तिनं डावा हात उचलला. उचलला कायचा, पट्टी ताणली अन् हात तिथंच अडकला. काकांनी पट्टीकडं पाह्यलं. मग माह्याकडं पाह्यलं.

हो ताई. बांधलेला होता. तुम्ही पेज घालण्यापुरता म्हणाल्या होत्या. मी वेचणीले जाताना बांधून जात होती, अन् आल्यावर कधी सोडायचं ध्यानात राहात नव्हतं. तुमाले लिहिलं नाही. तिचा एकच हात जिता, अन् तोच मी लुगड्याच्या पट्टीनं बाजेले बांधला.

काकांनी तिले विचारलं, काय होते, हो असन तर डोळे मिट (हे यायनं मले मागून सांगतलं). नावं घेत गेले, पोट, डोकं, पाठ, दुखते का, खाजते का. एकाले तिनं डोळे मिटले. काका म्हणाले, "खाज सुटली तिले. अंगभर." आम्ही पाठ उघडी केली. सारी पुरळ. कापसाची खाज! साठवलेला कापूस उन्हं तापली की असा चावते, आमच्याही अंगाले खाज होती, पण आमाले हात मोकळे होते. नळी ओढत नव्हती ती. खाजवत होती. ते मी थांबवलं.

मी पट्टी चुलीत घातली. ढीग यायनं त्याच दिवशी गाडीत भरला अन् पडत्या भावात देऊन आले. बाज पुढच्या खोलीत आणली.

आता माहं ऐका. मी आडाणी, मले तुमची बोली येत नाही. मी तिले आई आई करत राह्यली, अन् तिनं तर जन्मभर याडी ऐकलं. पण तुम्ही तिची लेक. तिच्याच दुधावर अन् तिच्याच बोलीवर वाढल्या. हात पाठीमागं धरून मराठीत विचार, असं तुम्ही लिहिलं. तुमाले काहून सुचलं नाही ताई? एवढं शिकल्या, अन् तुमाले काहून सुचलं नाही?

काका म्हणते तिले तांड्यावर घेऊन जातो, तिथं बोलणारे तरी हाय. हे म्हणते तिथं जखम कोण धुईन? भांडण झालं. शेवटी दोघंही म्हणाले, तिलेच विचारा. पण गाडीची वेळ झाली म्हणून काका न विचारताच निघून गेले अन् हेही गेले. जाताना काका ते ठेवलेलं पाणी प्याले, एवढं सांगतो. आता तिले विचारणार कोण? तुम्हीच सांगा कसं विचारू.

उर्वशी


नाशिक
२२ मार्च २००६

उर्वशी,

काहून सुचलं नाही, ते सांगते. सांगायला फार नाही. नर्सिंगच्या वसतिगृहात मी एकदा झोपेत बोलले, आणि पोरी आठवडाभर हसल्या. त्यानंतर मी गोर बोली बोलले नाही. आता माझ्या डोक्यातही मराठीच चालतं. तुझी पत्रं वाचताना मला याडी मराठीत दिसत होती. तिला तर मराठी बाजारापुरतं येत होतं. झटक्यानं कधी कधी मागून शिकलेली भाषा पुसून जाते आणि पाळण्यातली राहते. हे आम्हाला शिकवलं होतं. परीक्षेत मी त्याचं उत्तर लिहिलं होतं.

मी माझ्या आईला जिवंत असताना मयत ठरवलं आणि तिच्यासमोर वाचून दाखवायला सांगितलं. दुसरं काही मला लिहिता येत नाही. तुझी पट्टी माझ्यापुढे काहीच नाही.

जखम मिठाच्या उकळून गार केलेल्या पाण्यानं रोज धू, कोरडी करून जाळीचा कपडा लाव, आणि त्या बाजूवर तिला मुळीच ठेवू नको. पुरळ कोमट पाण्यानं पूस, खोबरेल लाव. हात मोकळा ठेव. नळी ओढली तर ओढू दे, परत घालता येईल.

सोबतच्या कागदावर मी चार ओळी लिहिल्या आहेत. अक्षरं आपलीच आहेत, बोली आमची. तुला अर्थ कळणार नाही, पण लिहिलं आहे तसं वाचलंस की तिला कळेल. वरची एक ओळ आकडा न घातलेली आहे, तिच्यात सांगितलं आहे की हो असेल तर डोळे मिट. ती आधी वाच. मग एकेक ओळ वाच, थांब आणि ती काय करते ते लिही. अर्थ आत्ता विचारू नको. अर्थ कळला तर तुझा आवाज बदलेल आणि ती तुझ्याकडे बघून उत्तर देईल. तुला खूण न करता विचारायला सांगितलं होतं ना, तसंच हे.

वाचायच्या आधी तिला याडी म्हण.

ममता


खैरगाव
३१ मार्च २००६

ममताताई,

वाचलं. आधी मनाशी चार-पाच बार घोकलं, इंदूबाई म्हणे, मंत्र पाठ करून राह्यली काय? मग याडीजवळ बसली. "याडी" म्हटलं तर तिनं मान वळवली. नुसत्या तेवढ्यानं वळवली ताई. एवढे दिवस मी काय म्हणत होती अन् काय नाही.

वरची ओळ वाचली. माह्या बोलण्यानं तिच्या तोंडाचा डावा कोपरा हालला. हसली असन. हसो बापडी, मी चुकत असीन.

पहिली ओळ वाचली. लगेच डोळे मिटले अन् मिटलेलेच ठेवले थोडा वेळ. पापणीखालून पाणी आलं.

दुसरी वाचली. मिटले नाही. पुन्हा वाचली, मिटले नाही.

तिसरी वाचली तर डोळे मिटले नाही, पण डाव्या हातानं माहं मनगट धरलं. असं धरलं की बांगडी रुतली. कशाले तरी भ्यालेली वाटली. मी म्हटलं, नाही नाही, काही नाही. मराठीत म्हटलं, पण सोडलं नाही तिनं. चूल विझली तरी मी तशीच बसून राह्यली.

चौथी ओळ मग दुसऱ्या दिवशी वाचली, सकाळी, ती ताजी होती तवा. तिनं डोळे मिटले नाही. माह्या हातातल्या कागदाकडं पाह्यलं, अन् मग तोंड भिंतीकडं फिरवलं. मले वाटलं ऐकू नाही आलं. आवाज चढवून वाचली. तिसऱ्यांदा कानाजवळ जाऊन वाचली. तिनं काही केल्या इकडं तोंड केलं नाही. दुपारपर्यंत तशीच होती. मी कूस बदलली तरी मान तिकडंच.

माहं वाचणं चुकलं का? काय होतं त्यात?

जखमेच्या कडेले गुलाबी कातडी येऊन राह्यली. हाताले काही बांधलं नाही. काल नळीला हात लावला तिनं, मी पाहात होती. नळी सोडली अन् मान खाजवली.

उर्वशी


नाशिक
७ एप्रिल २००६

उर्वशी,

जयभीम.

उद्या मला दवाखान्यात भरती करतील, म्हणून आजच लिहिते. तुझं वाचणं चुकलं नाही. तू लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीला अर्थ आहे, आणि आता तो तुला सांगायला हवा.

पहिली ओळ होती, याडी, हे ममता बोलते आहे, तुला ओळखू येतं का? दुसरी होती, अजून खाज येते का? मिटले नाहीत म्हणजे खाज गेली. तुझ्या खोबरेलानं गेली.

तिसरी होती, तुला तांड्यावर जायचं आहे का? ती दुसऱ्या कशाला भ्यालेली नव्हती. तू तिला पाठवून देशील म्हणून तिनं तुझं मनगट धरलं. तुझ्या हातचं पाणी न पिणाऱ्या माझ्या आईनं तुझाच हात धरला. लालसिंगकाकांना हे असंच कळव, आणि राजकुमारला सांग, दारात उभं राहायचं नाही. आत जायचं, बाजेवर बसायचं आणि तिच्या बोलीत बोलायचं. रडायचं असेल तर तिथे बसून रड म्हणावं.

चौथी ओळ होती, याडी, तुझी नळी काढा असं मी लिहिलं, मला माफ करशील का?

तिला ऐकू आलं. तीनही वेळा आलं. माझ्या वॉर्डात एखाद्या रुग्णानं असं उत्तर दिलं असतं, तर मी कागदावर लिहिलं असतं, रुग्णाला पूर्ण समज आहे.

पहिलं पत्र लिहिलंस तेव्हापासून तू एकच विचारत होतीस, आईला कळतं का. कळतं, उर्वशी. सगळं कळतं.

तो कागद जपून ठेव. बाकीच्या ओळी लागतील तेव्हा वाच. चौथी मात्र रोज वाचायची, सकाळी, ती ताजी असते तेव्हा. आवाज चढवू नको. एकदा वाचायची आणि थांबायचं. तोंड फिरवलं तर फिरवू दे, कूस बदल, जखम धू, आपली कामं कर. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाच. माझं बाळ या जगात आलं, तरी वाचायचं थांबवू नको.

आणि ज्या दिवशी ती डोळे मिटेल, त्या दिवशी पत्र लिहीत बसू नको. राळेगावला जा आणि फोन लाव. मागं माणसं उभी असली तर असू दे, मीटर पळू दे. तुझ्या गळ्यातून शब्द नाही निघाला तरी चालेल, मला कळेल.

ममता